टोल देणारे हवालदार

स्मरणिका समितीनं ‘माझे आवडते शिक्षक’ यावर लिहायला सांगितलं होतं. मी शाळेच्या घंटेचे टोल देणाऱ्या हवालदारांवर लिहितोय, संपादकांनी गोड मानून घ्यावं. मी 1963 साली इथून अकरावी झालो तेव्हा त्यांची साठी केव्हाच उलटली होती.

इतिहासाच्या गुरुजींनी एकदा पहिलं महायुद्ध अर्ध्या तासात उरकलं आणि म्हणाले, “पुढचं हवालदारांना विचारा, ते तिथं होते.” हवालदार टोपी सारखी करत वर्गात आले. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “आबा, तुमी किती जर्मन मारलं?”

“जर्मन न्हाई बाळा, तुर्क. आन् लढाई कसली, उपाशी बसलो हुतो.”

राहिलेला तास पिठावरच गेला. त्यांची जंगी पलटण, म्हणजे 103 वी मराठा, जनरल टाउनशेंडच्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती. 1915 च्या डिसेंबरात कुट गावी, तैग्रिस नदीच्या वळणात तुर्कांनी सगळ्यांना कोंडलं. वेढा 147 दिवस चालला. गावात धान्य सापडलं, पण दळायचं कशावर? म्हणून विमानातून जात्याचे दगड टाकले. वर्ग हसला. (पुढं पुण्यात एका ग्रंथालयात हेच छापलेलं वाचलं.) घोडे, खेचरं कापायला लागले, गोऱ्यांनी खाल्लं, आपल्या लोकांनी कितीतरी आठवडे तोंड लावलं नाही. शेवटी पिठाची पोतीही आभाळातून आली, त्यातली काही थेट नदीत. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13 हजार माणसांनी हत्यारं ठेवली.

कैदेतलं ते तुटक सांगत. समाऱ्यापर्यंत आगगाडी, तिथून मोसुलवरून रास-अल-ऐनपर्यंत उन्हातून पायी, मग रुळांचं काम. वाटेत ज्याचे पाय गेले तो मागं राहिला, आणि मागं राहिला तो बहुधा संपलाच. तालुक्याच्या खेळांना निघताना हवालदार आम्हाला ओळीनं बसवून पाय तपासायचे. नखं, टाचांच्या भेगा, बोटांमधली माती. तोवर एस.टी. खोळंबली तरी मुख्याध्यापक काही बोलत नसत.

इंग्रजांची चाकरी का केली, असंही एकानं विचारलं. “महिना अकरा रुपयं पगार, आन् रान चौघा भावांत.” स्वातंत्र्यानंतर अशा माणसांकडं कसं बघावं हा पेच आमचा होता. त्यांना तो कधी पडलेला मी पाहिला नाही.

दुसऱ्या लढाईत पेन्शनीतून परत बोलावणं आलं. चाळिशी उलटलेली, म्हणून बेळगावच्या सेंटरात रंगरुटांना शिकवायला ठेवलं. तिथली पोरं आफ्रिकेत केरेनच्या डोंगरावर गेली, इटलीत गेली. त्यांच्याच जंगी पलटणीच्या नामदेव जाधवांना 1945 मध्ये सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे ते छाती काढून सांगत. बाकीच्या पोरांबद्दल विचारलं की विडी शोधायला लागत.

मॅट्रिकच्या वर्षी मी विचारलं, “आबा, दोन्हीत अवघड कुठली?”

“दुसरी. पयल्या बारीला कुटं चाललोय ते मला ठावं नव्हतं. दुसऱ्या बारीला पोरं धाडताना ठावं हुतं.”