सांदण : डोक्यावर अडकलेला पालापाचोळा

शेवटच्या कसारा लोकलनं निघायचं, स्टेशनाबाहेर आधीच ठरवलेल्या जीपमध्ये डुलक्या काढायच्या आणि घोटी, शेंडी, उडदावणे करत तांबडं फुटायच्या सुमाराला साम्रदला पोचायचं. सांदणच्या घळीत उतरायला जाणाऱ्या मुंबईकरांचा हा ठरलेला क्रम. या डिसेंबरात मीही तसंच केलं. बरोबर दोन जुन्या मैत्रिणी आणि सतरा वर्षांचा भाचा. बहिणीला शब्द देऊन त्याला आणलं होतं, त्यामुळे माझं अर्धं लक्ष सतत त्याच्या पायांकडे.

साम्रद म्हणजे अकोले तालुक्याचं पश्चिमेचं टोक. दक्षिणेला रतनगड आणि खुट्टा सुळका, उत्तरेला अलंग-मदन-कुलंग हे किल्ले, पुढे थेट कोकण. गावाबाहेरच्या माळावरून रमतगमत चालत असतो आणि पायांपुढे एकदम जमीन फाटलेली दिसते. दर वेळी माझ्या छातीत तेवढंच धस्स होतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून सह्याद्रीचा हा कातळ झाला, त्याच्या भेगेत पाणी शिरत राहिलं, आणि साधारण २ किलोमीटर लांबीची ही घळ तयार झाली. काही ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे दोनशे-तीनशे फूट उंच आहेत आणि हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकतील की काय असं वाटतं.

गावातले एक मामा वाटाड्या म्हणून बरोबर होते. मुखाशी त्यांनी भाच्याला थांबवलं आणि समोरच्या धोंड्यावर पाय ठेवायला सांगितलं. धोंडा डुगडुगला. "पायानं आधी टोचून बघायचं, मंग भार टाकायचा," एवढंच ते म्हणाले. सांदणमध्ये चालणं म्हणजे हेच. पायाखाली सरळ वाट कुठेच नाही. फुटबॉलएवढ्यापासून जीपएवढ्यापर्यंतचे दगड एकमेकांवर नुसते टेकलेले. घाईत उडी मारणारा माणूस इथे पाय मुरगळून घेतो, आणि मुरगळलेला पाय घेऊन या घळीतून बाहेर येणं किती अवघड आहे ते मी पाहिलेलं आहे. चौघांना पाचवा उचलून आणावा लागतो, त्याच डुगडुगत्या दगडांवरून.

पाण्याचे दोन टप्पे लागतात. पहिला गुडघ्याइतका होता, दुसरा कंबरेच्या वर. हिवाळ्यातल्या सकाळी ते पाणी हाडांत शिरतं. फोन, कोरडे मोजे, बॅटरी असं सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून सॅक डोक्यावर घेतली. बूट काढायचे नाहीत, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. तळाचा दगड शेवाळलेला असतो, दिसत नाही, आणि अनवाणी पाऊल हमखास घसरतं.

पुढे एका अरुंद जागी मामांनी वर बोट दाखवलं. आमच्या डोक्यापासून आणखी एक पुरुषभर उंचीवर, कातळाच्या खपलीत, वाळका पालापाचोळा, एक फांदी आणि चपलेचा निळा पट्टा अडकलेला. पावसाळ्यात पाणी तिथवर चढलं होतं. भाचा बराच वेळ मान वर करून बघत राहिला. साम्रदच्या माळावर पडलेलं पाणी उताराला लागून याच घळीत येतं. त्यामुळे तळाशी उभ्या माणसाला डोक्यावर निळं आकाश दिसत असतानाही पाठीमागून लोंढा येऊ शकतो, आणि दोन्ही बाजूंना चढून जायला काहीच नसतं. जून ते सप्टेंबर इथे उतरूच नये. ऑक्टोबरात आणि मे महिन्यातसुद्धा, पूर्वेकडे ढग दिसले तरी परत फिरावं. मला कोणी फक्त एकच गोष्ट सांगायला सांगितली, तर मी तो निळा पट्टा दाखवेन.

वरच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. म्हणून धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही. आवाज एकाच कारणासाठी काढायचा: दगड सुटला तर "दगड!" असं जिवाच्या आकांतानं ओरडायचं. खालच्यांनी वर न बघता भिंतीला चिकटायचं. हेल्मेट आम्ही मुखापासूनच घातलं होतं.

बाराच्या सुमाराला पहिल्या मोठ्या कातळटप्प्याशी पोचलो. इथून पंचेचाळीसेक फूट रोपवरून, म्हणजे दोरावरून, खाली. समोर साठ-सत्तर जणांची रांग आणि एकच रोप लावलेला. मैत्रिणीनं घड्याळ बघितलं, मी मामांकडे. एकदा खाली उतरून रोप ओढून घेतला की आल्या वाटेनं परत येता येत नाही. मग खाली डेहणे गाव गाठायचं, नाहीतर करोली घाटानं चढून साम्रदला यायचं. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या ग्रुपबरोबर मी अशाच रांगेत चार तास बसले होते. हेल्मेटं अपुरी होती, एका मुलीची वेणी डिसेंडरमध्ये, म्हणजे रोपवरून उतरताना वेग आवरणाऱ्या साधनात, गुंतली आणि ती मधेच लटकून रडत होती. पुढची सगळी उतरण आम्ही अंधारात केली. त्या रात्री काही वाईट घडलं नाही, पण ते आमच्या हुशारीनं नव्हे.

"परत फिरू," मी म्हटलं. भाच्याचा चेहरा पडला. आठवडाभर त्यानं घरी हार्नेसचं, म्हणजे कंबरेच्या पट्ट्याचं, बकल लावायचा आणि कॅराबिनर, म्हणजे त्याला जोडायची कडी, लॉक झालाय का हे दोनदा तपासायचा सराव केला होता. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. मामा मात्र आधीच उठले होते.

परतीच्या वाटेवर जे दिसलं ते सकाळी दिसलं नव्हतं. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारी उत्तरेच्या कड्याच्या फक्त वरच्या भागावर ऊन आलं होतं. काळा कातळ तिथे चक्क तांबूस झाला होता, आणि ते तांबूसपण दुसऱ्या टप्प्याच्या पाण्यात उतरलं होतं. खाली आम्ही सावलीत, कंबरभर गारठ्यात, आणि पाण्यावर तो उजेड हलतोय. भाचा पाण्यातच थांबला. मीही त्याला चल म्हटलं नाही.

मामांच्या घरी नागलीची भाकरी, पिठलं आणि लसणाचा ठेचा होता. ओले बूट अंगणात उलटे ठेवून आम्ही जेवलो. पुढच्या डिसेंबरात मधल्या वारी आदल्या रात्रीच मुक्कामाला यायचं आणि उजाडता उजाडता घळीत उतरायचं, असं भाच्यानं मामांशी परस्पर ठरवून टाकलं, आणि मगच जीपमध्ये बसला.