फोर्कच्या पाइपांचं हार्ड क्रोम: माझा अनुभव

जुन्या मोटोक्रॉस गाडीचा (मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत पळवायच्या मोटरसायकलचा) पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे आणि धक्के झेलणारे दोन पाय, सुधारायचा असेल तर व्हॉल्व्ह, स्प्रिंग, तेल यावर डोकं नंतर चालवा. आधी त्याच्या पाइपांना हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा जाड आणि कठीण थर, कोण करणार आणि त्यावर ग्राइंडिंग कोण करणार, एवढं पक्कं करा. माझा सगळा उन्हाळा या एका कामात गेला आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

गाडी १९७९ ची यामाहा वायझी १२५. मागे मोनोशॉक, म्हणजे दोनाऐवजी एकच शॉक अ‍ॅब्झॉर्बर. बेल्जियमच्या ल्युसियन टिल्केन्स यांची ही कल्पना. तिच्याच जोरावर हाकान अँडरसनने १९७३ साली यामाहाला २५० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवून दिलं होतं. मागे एवढी प्रगती, पण पुढचा फोर्क मात्र साध्या भोकांच्या रॉडचा: पाइपात तेल आणि त्यात भोकं पाडलेला पोकळ रॉड. तेल ठरावीक भोकांतून जातं, त्यामुळे फोर्क हळू दबतो तेव्हा विरोध जवळजवळ नसतो आणि जोरात दबतो तेव्हा तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसते आणि दगडावर चाक आदळलं की मनगटं सुन्न होतात.

बरेच जण यावर नव्या गाडीचा अख्खा फोर्क चढवतात. मला ते पटत नाही. टी (फोर्क वर धरणारा जोड) बदलावी लागते, ऑफसेट (हँडलच्या फिरण्याच्या अक्षापासून फोर्क किती पुढे ते अंतर) बदलतो, वळताना गाडी वेगळीच वागते, आणि इतकं करून ती १९७९ ची राहत नाही ती नाहीच. म्हणून बाहेरून फोर्क जसाच्या तसा ठेवून आत इम्युलेटर बसवायचं ठरवलं. हा छोटा स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह रॉडच्या डोक्यावर बसतो. हळू हालचालीत तेलाला अडवतो, जोराचा धक्का आला की उघडतो. इम्युलेटर एका नातेवाइकांनी परदेशातून येताना सामानात आणले. स्प्रिंगा साकीनाक्याला एकाने क्रोम-सिलिकॉन तारेत वळून दिल्या. तार ५ टक्के जाड घेतली तरी स्प्रिंग साधारण २१ टक्के कडक होते, कारण हिशोब जाडीच्या चौथ्या घाताचा असतो. तेव्हा तारेचा गेज सांगताना घाई करू नका. ऑइल सील, म्हणजे पाइपाभोवती बसून तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा, नागदेवी स्ट्रीटला मिळाले. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची हे तीन आकडे सांगा, गाडीचं नाव सांगत बसू नका.

आता पाइप. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांनी जिथे सीलचे ओठ घासतात नेमकं तिथेच क्रोम खाल्लं होतं. बोट फिरवलं तर खड्डे लागत होते. अशा पाइपावर नवं सील म्हणजे पैसे पाण्यात, दोन-चार चकरांत ते फाटणारच. व्ही ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून बाक मोजायचा डायल लावला, बाक ०.२ मिमीच्या आत होता. म्हणजे पाइप वाचवण्यासारखे होते.

वसई पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीतल्या हार्ड क्रोमवाल्याचं नाव कळलं. पाइप जुन्या चादरीत गुंडाळले, विरार लोकलच्या लगेज डब्यातून नेले. तिथल्या सुपरवायझरने पाहिले आणि म्हणाला, "दोनच जॉब? ठेवा, आठवड्यात देतो." मी कागदावर ड्रॉइंग दिलं होतं: क्रोम कुठून कुठपर्यंत, टीमध्ये न झिजलेल्या भागावर घेतलेला मूळ व्यास, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल), आणि क्रोमनंतर भट्टीत शेकणं. त्याने कागद चलानला टाचून ठेवला.

आठवडा गेला. फोन केला, "उद्या या." गेलो तर पाइप कोपऱ्यात तसेच, चादर सोडलेलीसुद्धा नाही. जेसीबीच्या पिस्टन रॉडचा मोठा लॉट आत आला होता आणि माझे दोन पाइप त्याच्या मागे. मग पुन्हा फोन, पुन्हा "उद्या", मध्येच "लाइट नव्हती", मध्येच "ग्राइंडरवाला गावी गेलाय". मला उशिरापेक्षा खोटेपणा लागला. क्रोमच्या टाकीत तासाला साधारण २० ते २५ मायक्रॉन क्रोम चढतं. माझे खड्डे घासून काढल्यावर दीडशे मायक्रॉन चढवायचं होतं, म्हणजे टाकीतलं काम एका पाळीचं. जुनं क्रोम उतरवणं, ग्राइंडिंग, शेकणं सगळं धरलं तरी मनात आणलं तर चार दिवस पुरतात. ज्याला दोन पाइपांचं काम नको आहे त्याने तोंडावर नाही म्हणावं. मी दुसरीकडे गेलो असतो.

शेकण्यावरून तर वादच झाला. क्रोम चढताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. म्हणून चढवल्यावर लवकरात लवकर दोनशे अंशांच्या आसपास काही तास शेकावं लागतं. सुपरवायझर म्हणाला, "कोणी मागत नाही हो." पिस्टन रॉडवाले मागत नसतील. माझे पाइप उडीनंतर माझं आणि गाडीचं वजन झेलणार आहेत. मालकाला बोलावायला लावलं, त्यांच्यासमोर पुन्हा सांगितलं, तेव्हा चलानवर लाल पेनाने लिहिलं गेलं.

शेवटी पाइप हातात आले, आरशासारखे चकचकीत. मी मायक्रोमीटर सोबत नेला होता. तिथेच, त्यांच्या टेबलावर, वरपासून खालपर्यंत मोजत गेलो. मधे बरोबर आणि खालच्या टोकाला ०.०६ मिमी जाड. टाकीत टोकांवर करंट जास्त एकवटतो, तिथे थर जाड बसतो, हे क्रोमवाल्यांना माहीत नसेल असं नाही. ग्राइंडिंग टोकापर्यंत नेलंच नव्हतं. असा पाइप बॉटममध्ये, म्हणजे फोर्कच्या खालच्या नळीत, उतरतच नाही. उत्तर काय मिळालं? "पॉलिश पेपर मारा, जाईल." हार्ड क्रोमची कठीणता आठशे विकर्सच्या (कठीणता मोजायचं एकक) पुढे असते. हाताने पेपर मारून सहा शतांश मिलिमीटर, तेही गोलाई राखून काढायचं!

ग्राइंडिंग ते स्वतः करत नव्हते, पुढच्या गल्लीतल्या गाळ्यात पाठवत होते, हे याच भांडणात बाहेर आलं. मी पाइप उचलले आणि सरळ त्या गाळ्यात गेलो. मशीनवर एक वयस्कर काका होते, मूळचे कुडाळचे. त्यांना चलानबरोबर माझं ड्रॉइंग आलंच नव्हतं, फक्त एक आकडा आला होता. मी मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद नीट वाचला आणि म्हणाले, "असं सांगा ना, हे सीलवर चालणारं आहे. जरा बसा."

मी स्टुलावर बसलो आणि त्यांनी माझ्यासमोर दोन्ही पाइप टोकापर्यंत नेले. मधे थांबून मोजायचे, मला मोजायला द्यायचे, पुन्हा एक हलका कट. गोलाईत आणि लांबीभर एका शतांश मिलिमीटरच्या आत काम दिलं. पैसे विचारले तर क्रोमवाल्याने आधीच दिलेत म्हणाले. मी तरी दिले आणि त्यांचा नंबर घेतला. तुमच्या भागातही असा कोणी ग्राइंडिंगवाला असेल, त्याला आधी शोधा. क्रोमवाला कोण धरायचा तेही तोच सांगेल, आणि ड्रॉइंगची एक प्रत त्याच्या हातात तुम्ही स्वतः द्या.

बाकीचं घरच्या गॅरेजात दोन संध्याकाळी झालं. रॉडची खालची भोकं वाढवून प्रत्येकी ८ मिमीची सहा केली, म्हणजे दबतानाचं नियंत्रण पूर्णपणे इम्युलेटरकडे जातं. परत उसळतानाचं नियंत्रण मात्र रॉडच्याच छोट्या भोकांवर राहतं, म्हणून तिथे तेलाची जाडी कामाला येते. मी १५ डब्ल्यू जाडीचं तेल घातलं. तेलाची पातळी फोर्क पूर्ण दाबून आणि स्प्रिंग बाहेर काढून मोजायची. पाइपच्या तोंडापासून १४० मिमीने सुरुवात केली होती, उडीनंतर तळाला आपटायला लागला म्हणून १३० वर आणली. वरची हवा कमी झाली की शेवटच्या टप्प्यात तीच दुसरी स्प्रिंग होते.

छोट्या हत्तीत घालून गाडी वाड्याला एका मित्राच्या शेतावर नेली. नांगरलेल्या पट्ट्यावरून तिसऱ्या गियरमध्ये उभा राहून गेलो आणि हँडल हातात शांत राहिलं. बांधाच्या अलीकडे ब्रेक दाबला, नाक खाली गेलं पण तिथेच थांबलं. संध्याकाळी सीलखाली बोट फिरवून पाहिलं, कोरडं. त्या पाइपांचा मला अभिमान आहे.

दोन गोष्टी राहिल्या. फोर्कच्या टोप्यांवर हवेचे व्हॉल्व्ह असतील तर गाडी गरम झाल्यावर साठलेली हवा सोडून द्या, नाहीतर दुपारपर्यंत फोर्क आपोआप कडक होतो. आणि रॉडच्या तळाचा बोल्ट उघडायचा असेल तर स्प्रिंग आत असतानाच, तिच्या दाबाने रॉड धरून ठेवलेला असताना सैल करा. नंतर तो नुसता गोल फिरत राहतो. बसवताना त्याखालचं तांब्याचं वॉशर नवं घाला.