पांढरी पाच, किंचित चढी

फोन गोव्यातल्या केरीहून होता. हार्मोनियम शिकवणारे एक बुवा. ऑनलाइन क्लासमध्ये त्यांच्या माइकमधून सारखा 'गूं' आवाज जातो, अशी पोरांची तक्रार. बोलता बोलता मागून एका म्हातारीचा आवाज आला, "ताका सांग, पेटयेक हात लायल्यार राबता तो." म्हणजे, पेटीला हात लावला की तो थांबतो. बुवा म्हणाले, "आई काहीतरी सांगतेय, तुम्ही याच." हार्मोनियमवाल्याच्या घरात पेटी म्हणजे पेटी. पेटी वाजायला लागली की गूं त्यात बुडत असणार, असा अर्थ मी लावला आणि फोंड्याहून निघालो. तो अर्थ मला तीन तासांना पडला.

मे महिना, दुपारची वेळ. पंखा बंद, कारण तोही माइकमध्ये येतो. टेबलावर पत्र्याच्या छोट्या कॅबिनेटचा कॉम्प्युटर, त्याच्या गुलाबी छिद्रात स्वस्तातला कंडेन्सर माइक. दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकली. त्या शांततेत दोन आवाज होते: वर एक बारीक 'सूं' आणि खाली जाडसर 'गूं'. हे दोन वेगळे आजार. आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात नवीन पोरं दोन्हींवर एकच गोळी देतात, नॉइज रिडक्शन, म्हणजे सॉफ्टवेअरने गोंगाट पुसणं, आणि मग माणूस विहिरीत बसून बोलतोय असं वाटतं.

'सूं' लगेच सापडला. माइक बूस्ट +३० डेसिबलवर होता. म्हणजे येईल ते साधारण बत्तीस पटीने मोठं. बुवांचा आवाज बत्तीस पट, तशी सर्किटची कुरकुरही बत्तीस पट. +१० वर आणला, माइक तोंडाजवळ ओढला, सूं गेला. 'गूं' तसाच.

आता मी ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाजाची चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, मागे लागलो. सबळ कारण होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिलं तर अपडेटच्या वेळी मूळ ड्रायव्हर जाऊन सिस्टीमचा साधा ड्रायव्हर बसलेला. गुन्हेगार मिळाला म्हणून मी खूश. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मदरबोर्डचा मूळ ड्रायव्हर उतरवला, जुना मुळासकट काढला, मशीन दोनदा चालू-बंद केलं. गूं. सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४४१०० वरून ४८००० केला. गूं. बॅगेतलं यूएसबी साउंड कार्ड लावलं, म्हणजे आतली चिप आणि तिचा ड्रायव्हर दोन्ही बाजूला. तरी गूं. इथेच मी थांबायला हवं होतं. चिप बदलूनही रोग तोच असेल तर ड्रायव्हरचा काय दोष? पण तीन तास खर्चलेल्या माणसाला आपला आरोपी सोडवत नाही. मी आणखी एक जुनी आवृत्ती शोधायला लागलो.

मनात एक भलताच विचार येत होता. याच गावच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, आणि मला इथून म्हापशाच्या पोरापर्यंत एक स्वच्छ 'सा' पोचवता येईना.

बुवा शेजारी बसून ऐकत होते. अचानक म्हणाले, "पांढरी पाच."

"काय?"

"हा तुमचा गूं हो. पांढरी पाच. पण किंचित चढी." त्यांनी खालच्या सप्तकातली पट्टी दाबून दाखवली. दोन सुरांच्या मध्ये मंद हेलकावे ऐकू येत होते.

पांढरी पाच म्हणजे पाश्चात्त्य जी. त्या सप्तकात तो ९८ हर्ट्झचा. त्याहून किंचित चढा म्हणजे १००. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००! ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख काढला: ५०, १००, १५० वर सरळ सुळके. ज्या निदानाला मी यंत्र उघडून बसलो होतो ते बुवांनी कानाने केलं होतं.

तेवढ्यात बुवांच्या आई, माई, चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता त्यांनी एक तळहात कॅबिनेटवर टेकवला. हेडफोनमधला गूं निम्म्याहून कमी झाला. हात उचलला, परत आला.

"पेटी," त्या म्हणाल्या. "फोनार सांगिल्लें न्हय?"

त्यांच्या लेखी कॉम्प्युटरचा डबा म्हणजे पेटी. हार्मोनियमला त्या घरात 'बाजा' म्हणतात.

मल्टिमीटर काढला. फेज-न्यूट्रल २३४ व्होल्ट. फेज-अर्थ मोजलं तर तेवढंच हवं, आलं ११५. न्यूट्रल-अर्थ शून्याच्या आसपास हवं. तेही शंभरच्या वर. म्हणजे पिनेला अर्थिंगची वायर होती, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ तुटला की बॉडी मधल्यामध्ये लटकते आणि माइकच्या वायरीत वीज गुणगुणते. शिवाय घरातल्या सगळ्या अर्थच्या वायरी एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या बॉडीवरची वीज फ्रीजच्या पत्र्यावरही.

"माई, फ्रीजला हात लावल्यावर काही होतं?"

"चाबता. क्लास चालू आसल्यार." क्लास चालू असला की चावतो. म्हणूनच त्या स्वयंपाकघरात रबरी चपला घालून वावरत होत्या. बुवांना याचा पत्ताच नव्हता. मला मात्र घाम फुटला. उद्या पंपाचं किंवा मिक्सरचं इन्सुलेशन गेलं तर घरातला प्रत्येक पत्रा २३० व्होल्टचा. ड्रायव्हरबिव्हर सोडून मी आधी मेन स्विच पाडला आणि ओळखीच्या वायरमनला बोलावलं.

अर्थिंगचा खड्डा मागच्या दारी, माडाच्या बुंध्याशी. कोळसा आणि मीठ घालून केलेला, जुन्या पद्धतीचा. त्याच मिठाने वायर क्लॅम्पपाशी खाल्ली होती. वायरमनने ओढली तशी हातात आली. भोवतीची चिऱ्याची जमीन विटेसारखी कोरडी. त्याने नवा पाइप ठोकला, तांब्याची वायर जोडली, वर दोन बादल्या पाणी ओतलं आणि मेनबोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की आपोआप पडणारा स्विच, बसवायला सांगून गेला.

संध्याकाळी गूं नव्हता. पण क्लास सुरू होताच म्हापशाचा पोरगा म्हणाला, "सर, तुम्ही ऐकू येता, बाजा नाही." हे मात्र सॉफ्टवेअरचंच. क्लासच्या अ‍ॅपमधला नॉइज सप्रेशन एकसारख्या आवाजाला पंखा समजून कापतो, आणि धरून ठेवलेला सूर त्याला पंखाच वाटतो. ते बंद केलं. दोन मिनिटांचं काम.

निघताना स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. माईंनी चपला काढून फ्रीजवर पालथा हात ठेवला होता.

"चाबना," त्या म्हणाल्या.