आधी रॉड बघ

"क्लिक किती आहेत रे याला?" ट्रॅकवर एकाने बाजूच्या गाडीवाल्याला विचारलं. क्लिक म्हणजे शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) कडक-मऊ करायच्या नॉबचे टप्पे. गाडीखाली वाकलेला मेकॅनिक तिथूनच ओरडला, "क्लिक सोड, आधी रॉड बघ!"

शॉकच्या रॉडवर त्याने प्लास्टिकचा टाय बांधून ठेवला होता. लॅप्स मारून गाडी परत आली तेव्हा तो टाय सरकत सरकत थेट बंप स्टॉपला, म्हणजे शॉक पूर्ण दबू नये म्हणून बसवलेल्या रबराला, भिडलेला. गाडीची उंची कमी केलेली, शॉक मात्र मूळचेच. चाकाला वर यायला जागाच उरली नव्हती. वळणात गाडी स्प्रिंगवर नाही, रबरावर टेकत होती. आणि मालक खुश, "काय कडक बसते!"

हे डोक्यातून जाईना. आपण सगळे स्प्रिंगचा आकडा विचारतो. पण १०० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग, मोशन रेशो (चाक जितकं हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग दबते ते) ०.७ असेल तर त्याचा वर्ग धरून चाकापाशी जेमतेम ४९ भरते. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा उचलून काय उपयोग?

त्यात हीच गाडी रोज ऑफिसला न्यायची. रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडताना होणारा अडसर) फार घट्ट केला की लागोपाठच्या खड्ड्यांत चाक परत खाली यायच्या आतच पुढचा दणका बसतो, आणि गाडी दबतच जाते.

माझं मत विचाराल तर आधी टायर, मग कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल). कॉइलओव्हर (शॉकवरच स्प्रिंग बसवलेला सेट) त्यानंतर, तेही शॉक आणि स्प्रिंग एकमेकांसाठी बनलेले असतील तरच. (फोटोत कॅम्बर दिसत नाही, हा त्याचा दोष!)

एकच गाडी दोन्हीकडे चालवणाऱ्यांनो, तुम्ही आधी काय बदललंत?