बिलात आयजीएसटी होता

बिल हातात आलं की माझी नजर आधी रकमेवर जात नाही, जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांवर जाते. साताऱ्यात बसून दुकानदारांचे रिटर्न भरायचे म्हणजे दिवसभर २७ बघायचे. २७ म्हणजे महाराष्ट्र. मधूनच २९ दिसला की कर्नाटक, २४ दिसला की गुजरात.

भांड्यांच्या दुकानाच्या काकू महिन्याची बिलं घेऊन आल्या, त्यात एक साडीचं निघालं. "काकू, हे घरचं आहे, दुकानात नाही धरता येणार," म्हणत मी ते बाजूला काढलं.

"अरे हो, चुकून आलं. सुनेची पैठणी. येवल्याहून ऑनलाइन मागवली, थेट विणकराकडून."

मी बिल परत उचललं. साडी ९,००० रुपये, ५ टक्के आयजीएसटी ४५०, एकूण ९,४५०. जीएसटी क्रमांक २४ ने सुरू.

येवला नाशिक जिल्ह्यात. तिथून साताऱ्याला माल आला तर कर केंद्राचा सीजीएसटी अडीच टक्के आणि राज्याचा एसजीएसटी अडीच टक्के असा दोन ओळींत पडतो. आयजीएसटी लागतो तो माल दुसऱ्या राज्यातून आला तर. काकूंना विचारलं, पार्सलची पिशवी आहे का? होती, त्यात त्यांनी दुकानाच्या चिंध्या भरल्या होत्या. पाठवणाऱ्याचा पत्ता अर्धा फाटलेला, पण पिनकोड शाबूत: ३९५ ने सुरू होणारा. म्हणजे सुरत. येवल्याचा पिन ४२३४०१.

काकूंनी तिथूनच विक्रेत्याला फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी शांत. "मॅडम, माल येवला का ही है, सिर्फ डिस्पॅच सूरत से होता है." उत्तर पाठ केलेलं वाटलं, पण खोडून काढणं सोपं नव्हतं. बिल फक्त इतकंच सांगतं की माल कुठून निघाला. तो कुठल्या मागावर विणला, हे बिलात नसतं.

ते साडीतच असतं. काकू घरून साडी घेऊन आल्या आणि आम्ही खालच्या मजल्यावरच्या साडीवाल्यांकडे गेलो. त्यांनी काठ बघितला नाही, जरतार बघितली नाही, पदर उलटा केला. हातमागाच्या पैठणीत मोर उलट्या बाजूनेही जवळपास तसाच स्वच्छ दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच फिरवून विणलेला असतो. इथे मागे सुट्या धाग्यांची टोकं कापून ठेवलेली. "यंत्रमाग," ते म्हणाले आणि घडी घालून दिली. साडी वाईट नव्हती हो. सुरतेच्या कापडावर अर्धा महाराष्ट्र लग्नं लावतो, त्यात कमीपणा काय? सुरतेची म्हणून विकली असती तर काकूंनी तीच साडी हसत घेतली असती, फक्त ९,००० ना घेतली नसती.

परत करायची मुदत संपली होती आणि वर साडीला फॉल-पिको झालेलं. विक्रेता म्हणे वापरलेला माल घेत नाही. वेबसाइट उघडली तर 'येवल्याहून थेट, २४ तासांत रवाना' ही ओळच गायब! इथे आम्हाला वाचवलं काकूंच्या भाचीने. रंग कुठला घ्यावा यावर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मोठा वाद झाला होता, तेव्हा तिने त्या पानाचे स्क्रीनशॉट टाकले होते. तारखेसकट, त्या ओळीसकट.

मग मी तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम मालाचा मूळ देश दाखवायला लावतात, गाव नाही. 'मूळ देश: भारत' लिहिलं की येवलाही बसतो आणि सुरतही. त्यामुळे ती वाट सोडली. पण त्याच नियमांत असंही आहे की जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. आमचा मुद्दा तोच. शिवाय ग्राहकाने लेखी मागितलं तर प्लॅटफॉर्मने, म्हणजे ज्या वेबसाइटवर विक्रेता माल विकतो तिने, विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयाचा आणि शाखांचा पत्ता द्यायचा असतो. तोही मागितला.

मला राग त्या मुलाचा कमी आला, प्लॅटफॉर्मचा जास्त. प्रत्येक विक्रेत्याच्या विक्रीवर हेच लोक टीसीएस, म्हणजे विक्रीच्या रकमेतून आधीच कापायचा कर, कापतात, त्याच्या जीएसटी क्रमांकावर भरतात. पार्सल उचलायला गाडी कुठल्या पत्त्यावर पाठवायची हे यांनाच ठाऊक. तरी पानावर येवला झळकत राहतं. आम्हाला कल्पना नव्हती, असं त्यांनी निदान मला तरी सांगू नये.

तक्रार प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे गेली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवली. पोच ४८ तासांत द्यावी लागते, ती आली. निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. मधल्या काळात विक्रेत्याने निम्मे पैसे घेऊन मिटवा, असा निरोप पाठवला. काकू नाही म्हणाल्या. भांड्याच्या दुकानात बसून घासाघीस शिकलेली बाई निम्म्यावर कशी येईल! 'सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, राहत्या ठिकाणी दावा लावता येतो आणि इतक्या रकमेला फी नाही,' एवढं मी उत्तरात टाकलं आणि चाक हललं.

९,४५० पूर्ण परत आले. साडी न्यायला माणूसही आला. पण अर्जाच्या खाली काकूंनी माझ्या नकळत स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती: 'फॉल-पिकोचे रु. १५०'. त्यांवर कुणी काहीच बोललं नाही. आता दर महिन्याला बिलं टेबलावर ठेवताना काकू आधी तेच विचारतात, "माझ्या दीडशेचं काय झालं रे?"