तीन महिने गुपित, पण मिडवाइफला नाही

गोड बातमी तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर फोडायची नाही, हा आमच्या घरचा नियम. साताऱ्याच्या आजीपासून पुण्याच्या मावसबहिणीपर्यंत सगळ्यांनी तो पाळला. इंग्लंडमध्येही खुशाल पाळा, फक्त मिडवाइफला, म्हणजे गरोदरपण आणि बाळंतपण बघणाऱ्या इथल्या प्रशिक्षित सुईणीला, त्यातून वगळा. इथल्या तपासण्यांची पहिली मुदत दहाव्या आठवड्यातच संपते, आणि तुम्ही कळवलं नाहीत तर तुम्हाला शोधत कोणी येत नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे येऊ घातलेल्या मुली मला हमखास विचारतात, "ताई, तिकडे चांगली गायनॅक कोण?" सुरुवातीला गायनॅक नसतेच, हे उत्तर त्यांना पटत नाही. सगळं सुरळीत असेल तर नऊ महिने मिडवाइफच बघते. जवळच्या एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) हॉस्पिटलच्या वेबसाइटवर फॉर्म असतो, तो आपणच भरायचा. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, चिठ्ठीची गरज नसते. टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात भरून टाका. मग दहाव्या आठवड्याच्या आत पहिली भेट मिळते, तिला इथे बुकिंग म्हणतात. त्याआधी सोनोग्राफी नाही, हार्टबीट ऐकवणं नाही, गोळ्या म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड आणि व्हिटॅमिन डी. "अजून एकही सोनोग्राफी नाही? मग ते लोक करतात तरी काय?" हा आईचा प्रश्न फोनवर ऐकायची तयारी ठेवा.

बुकिंगला प्रश्नच फार असतात. रक्त घेतात: रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि थॅलेसेमिया (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार). एक फॉर्म तर फक्त तुमचे आणि बाळाच्या बाबांचे पूर्वज जगाच्या कुठल्या भागातले, हे विचारायला असतो. थॅलेसेमिया आणि तसाच दुसरा आजार सिकलसेल कोणाच्या रक्तात असण्याची शक्यता जास्त, हे त्यावरून ठरवतात. आपल्याकडे सिंधी, पंजाबी, गुजराती घरांत थॅलेसेमियाचे वाहक, म्हणजे दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसलेले, बरेच आढळतात. सिकलसेल म्हटलं की गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार आठवतात. पण म्हणून कोकणस्थ-देशस्थांनी निश्चिंत राहावं असं काही नाही. वाहक माणूस ठणठणीत असतो. थॅलेसेमियाच्या वाहकाचं फार तर हिमोग्लोबिन जरा कमी आणि लाल पेशी लहान. आपल्याकडे कितीतरी बायका 'रक्त कमी आहे' म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खातात, त्यांतल्या काहींचं खरं कारण हे असतं.

आई वाहक निघाली की लगेच बाबांना रक्त द्यायला बोलावतात. आणि इथे गाडी अडते. "आमच्या घराण्यात असलं काही नाही," हे वाक्य मी उच्चशिक्षित मराठी पुरुषांच्या तोंडून ऐकलं आहे. घराण्यात नाही हे कळलं कसं, कधी तपासलं होतं का? दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला पूर्ण आजार होण्याची शक्यता चारात एक. ते पक्कं कळायचं तर वारेचा अगदी छोटा तुकडा काढून तपासतात, आणि तो अकराव्या आठवड्यापासून घेता येतो. म्हणून आईचं रक्त दहाव्या आठवड्याच्या आत हवं. आईचा रिपोर्ट, मग बाबांचा, मग समुपदेशन, मग ती तपासणी, अशी ही रांग आहे. तेराव्या आठवड्यात मिडवाइफला फोन केलात तर सगळंच पुढे ढकललं जातं. नवरा-बायको नात्यातले आहेत का, हेही विचारतात. मामाची मुलगी केली असेल तर सरळ सांगा. दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता त्यात वाढते, म्हणून ते विचारतात.

दुसरी मुदत डाउन, एडवर्ड्स आणि पटाऊ सिंड्रोम या बाळाच्या गुणसूत्रांतल्या दोषांच्या चाचणीची. भारतात एनटी स्कॅन आणि डबल मार्कर म्हणतात तीच ही, इथे दोन्ही मिळून एक 'कम्बाइन्ड टेस्ट'. ती होते ११ आठवडे २ दिवस ते १४ आठवडे १ दिवस या काळातच. बाळाच्या मानेमागे त्वचेखाली थोडं पाणी साचलेलं असतं, त्याची जाडी मोजतात. ही मोजणी लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या कायप्रोस निकोलायडिस यांच्या गटाने १९९२ साली मांडली, आज मिरजेपासून मँचेस्टरपर्यंत तीच चालते. बाळ डोक्यापासून बुडापर्यंत ४५ ते ८४ मिलिमीटर असतानाच ती ग्राह्य धरतात. पुढे ते पाणी आपोआप शोषलं जातं, मग मशीन कितीही भारी असो, मोजणार काय? ती संधी हुकली तर १४ आठवडे २ दिवसांपासून २० आठवड्यांपर्यंत रक्ताची क्वाड्रुपल टेस्ट देतात, पण ती फक्त डाउनबद्दल सांगते आणि तेवढी नेमकीही नसते. म्हणून चुलतभावाच्या लग्नासाठी नेमकं अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात भारतात जायचा बेत असेल, तर आधी स्कॅनची तारीख बघा आणि मग तिकीट काढा. तिकडेच करून घेणार असाल तर मिडवाइफला आधी सांगा आणि रिपोर्ट हातात घेऊन या.

करायचीच अशी सक्ती मात्र नाही. तिन्हींची करा, फक्त डाउनची करा, नाहीतर नको म्हणा. डॉक्टर लिहून देतील ते निमूट करायची आपली सवय, त्यामुळे "तुम्हाला हवी आहे का?" असं विचारल्यावर आपण गोंधळतो. मला ही पद्धत आवडते. पण मग माहितीपत्रक भेटीच्या आधी वाचायला हवं, तिथे बसून नव्हे.

निकाल आकड्यात येतो. १५० मध्ये १ किंवा त्याहून जास्त शक्यता असेल तर 'हायर चान्स' म्हणतात आणि साधारण तीन कामाच्या दिवसांत फोन येतो. शक्यता कमी असेल तर दोन आठवड्यांच्या आत पत्र. पत्रच आलं नाही तर 'सगळं ठीकच असणार' असं समजून बसू नका, विचारा. आणि १०० मध्ये १ असा आकडा आला म्हणजे बाळाला डाउन आहे असं नाही. तसा निकाल आलेल्या शंभर बायकांपैकी नव्याण्णव जणींच्या बाळांना तो नसतो. घरी कळवताना हे आधी सांगा, नाहीतर रात्री दोनपर्यंत फोन सुरू. २०२१ पासून इंग्लंडमध्ये अशा वेळी एनआयपीटी ही आईच्या रक्ताची चाचणी एनएचएसमधूनच देतात. पक्कं निदान मात्र वारेचा नमुना, किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासूनच होतं, आणि त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो.

बाळाचे अवयव नीट आहेत का ते बघणारी सोनोग्राफी, म्हणजे अ‍ॅनॉमली स्कॅन, १८ ते २१ आठवड्यांच्या दरम्यान. मुलगा की मुलगी हे बऱ्याच हॉस्पिटलांत इथेच विचारल्यास सांगतात. 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखाली वाढलेल्या आपल्याला ते ऐकून दचकायला होतं. हा कायदा देशात १९९४ साली आला, महाराष्ट्राने तर स्वतःचा १९८८ मध्येच केला होता. आम्ही विचारलं नाही. सासूबाईंना मात्र आम्ही त्यांच्यापासून लपवतोय याची पक्की खात्री होती.

त्यानंतरची एक तपासणी आपल्यासाठी खास: साखरेची. दक्षिण आशियाई वंशाच्या बायकांना मधुमेहाचा धोका जास्त म्हणून २४ ते २८ आठवड्यांत उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त घेतात. ते पाणी भयंकर गोड असतं.

पैशांचं विचाराल तर डिपेंडंट किंवा कामाच्या व्हिसासोबत भरलेल्या आरोग्य अधिभारात (सध्या प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड) हे सगळं येतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना मात्र एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल लागतं. पैसे नाहीत म्हणून प्रसूतीसेवा नाकारत नाहीत, पण बिल मागे लागतं.

आणि गरोदर असतानाच इकडे उतरणार असाल, तर भारतातले सगळे रिपोर्ट चेक-इनच्या बॅगेत नको, हातातल्या पिशवीत ठेवा. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या मॅटर्निटी विभागाला फोन करा आणि नाव-पत्त्याच्या आधी कितवा आठवडा चालू आहे ते सांगा. सोळावा म्हणालात तर क्वाड्रुपलला अजून वेळ आहे.