कन्याकुमारी ते कोल्हापूर: परतीचा टप्पा आणि घरातला पहिला आठवडा

मी आणि नवरा कोल्हापूरहून गाडीनं कन्याकुमारीला जाऊन आलो. जाताना निपाणी, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम, मदुराई असं सरळ महामार्गानं खाली उतरलो आणि येताना केरळ, मंगळूर, गोकर्ण, गोवा करत किनाऱ्यानं वर आलो. या रस्त्यावर कुठं राहायचं, काय बघायचं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. परतीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. सगळे कन्याकुमारीच्या सूर्योदयाशी थांबतात, आणि पुढं गाडी आपोआप घरी येते जणू! म्हणून मी उलटं करते. कन्याकुमारी तुमची तुम्ही बघा, मी सावंतवाडीपासून सुरू करते.

केरळातल्या एनएच ६६ बद्दल, म्हणजे किनाऱ्याच्या राष्ट्रीय महामार्गाबद्दल, एवढंच सांगते, की सहापदरीकरणाचं काम बऱ्याच ठिकाणी सुरू होतं. नकाशा दाखवेल त्यापेक्षा दीडपट वेळ धरा. चिडचिड वाचते.

शेवटचा मुक्काम घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर ठेवायचा, हे आम्ही निघण्याआधीच ठरवलं होतं. गोकर्णहून पहाटे निघून एका दिवसात कोल्हापूर गाठता येतं, आणि आपल्याकडं ‘आता आलंच की, रेटूया’ म्हणणारा एकजण प्रत्येक गाडीत असतो. आमच्या गाडीत तो नवरा. पण दिवाळीनंतर इकडं ऊसतोड सुरू होते. संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. ट्रॉलीला मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि उसाची मोळी दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. दिवसभर स्टिअरिंग धरलेल्या माणसानं अशा रस्त्यावर रात्री यायचंच कशाला? शिवाय रात्री अकराला कुलूप उघडलं की टाकीत पाणी नाही, दूध नाही, आणि अंगात त्राण नाही. सावंतवाडीला झोपलो, नाश्ता करून निघालो आणि जेवणाच्या वेळेला घरी. माझ्या मते अख्ख्या प्रवासातला सगळ्यात शहाणा मुक्काम तोच.

सावंतवाडीहून आंबोली चढताना एसी बंद करून काचा उघडा. किनाऱ्याचा चिकट घाम घाटाच्या माथ्यावर पुसला जातो. थांब्यांवर माकडांना खायला घालू नका; उघड्या काचेतून पिशवी जायला क्षण पुरतो. आंबोलीला हिरण्यकेशी उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असं जवळजवळ आपल्या रस्त्यानंच वाहत जाते. दोन्हीकडं भात, मग हळूहळू ऊस, मग गुऱ्हाळाचा वास. घर जवळ आलं हे फलकावरून कळण्याआधी नाकाला कळतं.

आजऱ्यात थांबून घनसाळ तांदूळ घ्या. त्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळं नाव सगळेच लावतात. मूठभर हातात चोळून वास बघा. नवा तांदूळ घेतला तर भात चिकट होतो, जुना मागा. केरळात लाल जाडा भात आम्ही आवडीनं खाल्ला, पण घरच्या पहिल्या जेवणाला हाच भात हवा होता.

गडहिंग्लजपर्यंत महाराष्ट्र, संकेश्वरपासून कर्नाटक, आणि दूधगंगा ओलांडली की पुन्हा महाराष्ट्र. मध्ये तवंदीचा उतार आहे; ट्रकच्या मागं शांतपणे उतरा. कोगनोळीच्या अलीकडं टाकी फुल करा. कर्नाटकात पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त पडतं आणि निम्मं कोल्हापूर तिथंच भरून येतं. राजारामपुरीकडं जायचं असेल तर तावडे हॉटेलच्या चौकापर्यंत जाऊ नका. उजळाईवाडीला महामार्ग सोडा, शाहू नाक्यावरून विद्यापीठाच्या बाजूनं आत या. गर्दी टळते आणि महामार्गाचा वेग उतरायला थोडा वेळ मिळतो.

हा वेग उतरणं सोपं नसतं. मोकळ्या चौपदरी रस्त्याची सवय झालेला डोळा राजारामपुरीच्या गल्लीत बावचळतो. एका दुचाकीवर तिघं, मधल्याच्या कानाला फोन, समोरून उलट्या दिशेनं रिक्षा. नवरा हॉर्नवरून हात काढेना आणि मी शेजारच्या सीटवर बसून उजव्या पायानं ब्रेक दाबत होते. पहिले दोन दिवस गाडी घरीच ठेवून पायी किंवा रिक्षानं फिरलो, ते बरं झालं.

फाटकातच शेजारच्या काकूंनी गाठलं. “आलासा व्हय? दोघंबी किती काळवंडलायसा!” हातात विरजणाची वाटी. निघताना विरजण त्यांच्याकडं दिलं होतं, ते त्यांनी रोज बदलून जिवंत ठेवलं. हे नक्की करा, नाहीतर परत आल्यावर विकतच्या दह्यावर दिवस काढावे लागतात. बाकी निघण्याआधी करायची कामं: फ्रीज रिकामा करून, बंद करून, दार किलकिलं ठेवायचं, गॅसचा रेग्युलेटर बंद, पेपर बंद, आणि डब्यात तांदूळ, बेसन, तेल, मीठ, मिरची ठेवायची. आल्या आल्या पिठलं-भात होतो आणि बाहेर जावं लागत नाही. टाकीतलं साचलेलं पाणी सोडून द्या, मगच नवं भरा.

जेवणाबद्दल एक इशारा. इतके दिवस इडली, पुट्टू, माशाची आमटी खाल्ल्यावर कोल्हापुरी माणूस कटासाठी व्याकूळ होतो. नवरा दुसऱ्याच दिवशी सकाळी मिसळीला गेला, वर तर्री जास्त मागितली आणि दुपारभर ताक पीत बसला. तिखटाची सवय मोडलेली असते. दोन-तीन दिवस वरण-भात, भाकरी खा, मग तांबडा-पांढरा. रस्सा कुठं पळून जात नाही.

आता गाडी. किनाऱ्यावरून आल्यावर पहिलं काम म्हणजे खालून धुणं. खाऱ्या हवेनं आणि वाळूनं तळाला गंज धरतो. घरी बादली-फडक्यानं ते निघत नाही, लिफ्टवर चढवून धुणाऱ्याकडं न्या. रेडिएटरच्या जाळीत किडे अडकलेले असतात, ते साफ करून घ्या. एअर फिल्टर, ब्रेक पॅड, कूलंट बघून घ्या; व्हील अलाइनमेंट करा, आणि टायर बरेच चालले असतील तर पुढचे मागं आणि मागचे पुढं लावून घ्या. टायरची हवा गाडी थंड असतानाच तपासा. आम्ही प्रवासात एक वही ठेवली होती: आवाज कुठून येतो, किती वेगाला येतो, ब्रेक मारल्यावर येतो की वळताना. उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं ती वाचली, चाकाला हात लावला आणि म्हणाला, “निम्मं काम तुमीच केलंसा.” ‘कायतरी खडखडतंय’ असं सांगितलं असतं, तर तो दिवसभर शोधत बसला असता.

कागदपत्रांचा अर्धा तास पहिल्याच रविवारी काढा. फास्टॅगचं स्टेटमेंट उघडून प्रवासाच्या क्रमानं नाके जुळवा. आमचे एका नाक्यावर दोनदा पैसे कापले गेले होते. टॅग ज्या बँकेचा, तिच्याकडं तक्रार केली आणि पैसे परत आले. महामार्ग प्राधिकरणाचा १०३३ हा क्रमांकही आहे. वारंवार फिरणाऱ्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना वार्षिक पास सुरू झाला. सुरुवातीची किंमत ३,००० रुपये, मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. पण तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांना चालतो. राज्याच्या रस्त्यांवर नेहमीसारखेच पैसे जातात. ई-चलन परिवहनच्या संकेतस्थळावर दोनदा बघा, एकदा आल्यावर आणि पुन्हा महिन्यानं, कारण परराज्यातली चलनं सावकाश उगवतात. केरळात जून २०२३ पासून कॅमेऱ्यावरून दंड होतो आणि शेजारी बसलेल्याचा पट्टाही तो बघतो. गाडीच्या नोंदणीला जुना मोबाइल नंबर असेल तर निघण्याआधीच बदला.

राहिलं मन. ऑफिसला आल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका, मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. रजेचा अर्ज करतानाच तो धरायचा. तरीही पहाटे पाचला जाग येते, बॅगा भरायच्या आहेत असं वाटतं आणि मग आठवतं की आज कुठंच जायचं नाही. माझा पहिला आठवडा असाच गेला. कामावर सगळे विचारतात, “कसं झालं?” आणि दुसऱ्या वाक्याला त्यांचं लक्ष उडतं. त्यांचा दोष नाही, त्यांचा महिनाअखेर असतो. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे कोळिकोडहून आणलेले केळ्याचे वेफर्स आणि हलवा. एकदम सगळं न वाटता रोज एकाच्या घरी पुडा घेऊन जायचं आणि एकच गोष्ट सांगायची. मरवंतेला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी, मधून रस्ता, एवढंच. लोक खात खात ऐकतात.

पाचला जाग येतेच, तर ती वाया घालवू नये म्हणून रंकाळ्याला जाऊ लागलो. संध्याकाळी कधी गंगावेशला दूध कट्ट्यावर, समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायला. इथं जन्म काढला, पण बाहेरच्या पाहुण्याला दाखवायला म्हणूनच आम्ही तिथं जायचो. फोटो मात्र पहिल्या पंधरवड्यातच निवडा. त्यानंतर कुणी निवडत नाही, फोन भरतो आणि मग घाईनं भलतेच उडवले जातात.

हाच मार्ग पावसाळ्यात धरणार असाल तर आंबोलीत धुकं आणि दरडी दोन्हींची तयारी ठेवा आणि घाट उजेडातच चढा. पुण्याकडून परतणार असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी पंचगंगेची पातळी विचारून घ्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. अशा वेळी शेवटचा मुक्काम साताऱ्यात किंवा कराडात करा आणि रस्ता सुरू झाल्याचं कळल्यावरच पुढं या.